तीनदाबाईंनी वाचलेली चिठ्ठी

आमच्या घरात जेवायला तीनदा बोलावतात. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा तेच, आणि तिसऱ्यांदा सावकाश, एकेक शब्द सुटा करून, जणू आम्ही परगावचे आहोत आणि आमची गाडी आता सुटणार आहे. हे माझ्या आत्याचं काम. ती एकवीस वर्षं बसस्थानकावर गाड्या पुकारते आहे. प्रत्येक सूचना तीन वेळा वाचायची असा तिथला नियम, आणि तो नियम ती रिकाम्या डब्याबरोबर रोज घरी घेऊन येते. आंघोळीचं पाणी तापलं, तीनदा. दूध उतू जातंय, तेही तीनदा, आणि तोवर ते गेलेलं असतं. आईने एकदा विचारलं, "वन्सं, मी बहिरी आहे का?" तर म्हणाली, "नाही हो वहिनी. नाही हो वहिनी." तिसरा 'नाही हो' तोंडात आला तेव्हा तिचं तिलाच हसू फुटलं.

स्थानकावर तिचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत आहे. बाकी हमालापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना ती तीनदाबाई.

तिची केबिन मी लहानपणापासून बघते आहे. तीन बाजूंना काच, चौथ्या बाजूला भिंत. भिंतीवर एक फिकट चौकोन आहे. तिथे आधी एका माणसाचा फोटो असायचा, जसा सगळ्या ऑफिसांत असायचा. आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे मतदान सुरू झालं तेव्हा फोटो उतरला. त्या जागी कॅलेंडर लावलंय, पण ते लहान आहे, त्यामुळे चौकोन चारही बाजूंनी डोकावतो. टेबलावर माईक, पाण्याची बाटली आणि लाकडी ठोकळ्यात उभा ठोकलेला एक खिळा. कंट्रोलरसाहेबांच्या खोलीतून गुलाबी कागदाची चिठ्ठी येते, तिच्यावर गोल शिक्का असतो. आत्या ती वाचते, तीनदा, आणि खिळ्यात खोचते. शिक्का नसेल तर वाचायची नाही. शिक्का असेल तर विचारायचं नाही.

"तू वाचताना काय विचार करतेस गं?" मी विचारलं होतं.

"भाजी कुठली घ्यायची."

"आणि वाचतेस ते?"

"ते डोळ्यांतून आत जातं आणि तोंडातून बाहेर पडतं. मधे थांबलं तर जीभ अडखळते."

मला हे फार आवडायचं. मी तिची नक्कल करायचे ती नेमकी तशीच, डोळे अर्धे मिटून, चेहरा कोरा: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." आई पदर तोंडाला लावून हसायची. आत्या म्हणायची, "बरी करतेस. पण काहीतरी राहतंय." काय राहतंय ते सांगायची नाही.

फोटोच्या काळातली एकच गोष्ट तिने मला सांगितली आहे, तीही यंदाच्या निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात, भाजी निवडता निवडता. एके दिवशी चिठ्ठी आली होती की रस्त्याच्या दुरुस्तीमुळे चौकाकडे जाणाऱ्या गाड्या दुपारपर्यंत बंद. दुरुस्ती कुठेच नव्हती. चौकात जमलेल्या माणसांना उचलून नेत होते, आणि आणखी माणसं तिथे पोहोचू नयेत म्हणून गाड्या थांबवल्या होत्या.

"मग तू काय केलंस?"

"वाचलं."

एवढंच म्हणाली आणि देठं खुडत राहिली. मला वाटलं ती चेष्टा करतेय. मान वर करून पाहिलं, तर नव्हती करत.

मतदानाला ती कधीच गेली नव्हती. "मी सगळ्यांसाठी बोलते. एकाच्या बाजूने बोट कुठे उचलू," असं तिचं उत्तर ठरलेलं. ते उत्तर मोडून काढलं आमच्या गल्लीच्या टोकाच्या लाँड्रीवाल्या काकूंनी, आणि त्याला चार महिने लागले. काकूसुद्धा आधी त्यातल्याच. कोणीही निवडून आलं तरी इस्त्री मलाच करायची आहे, म्हणायच्या. पण दुकानात रेडिओ दिवसभर चालू, आणि एकदा त्यावर नगरसभेला उभे असलेले तिघं लोकांच्या फोनला उत्तरं देत होते. काकूंनी इस्त्री उभी केली आणि फोन लावला. वॉर्ड सहाला एक दिवसाआड पाणी का, असं विचारलं. तिघांतल्या एकाला उत्तर देता आलं नाही, आणि "काकू, मला माहीत नाही, माहिती काढून सांगतो" असं तो सगळ्या गावासमोर म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याने खरोखर सांगितलं.

"मला माहीत नाही, असं म्हणाला हो," काकू येईल त्या गिऱ्हाईकाला सांगायच्या, त्याचा शर्ट हातात धरून. "एवढ्या वर्षांत खुर्चीवरच्या माणसाच्या तोंडून ऐकलंय का तुम्ही हे?"

गिऱ्हाईक म्हणायचं, खुर्चीवर बसायचाय अजून तो. मग वाद. शर्ट तसाच. आत्या युनिफॉर्मची साडी घ्यायला जायची आणि अर्धा तास तिथेच उभी राहायची. आधी नुसती ऐकायची. मग एक दिवस म्हणाली, "पण पंप तर तीन वर्षांपासून बंद आहे ना?" काकूंनी इस्त्री खाली ठेवली. तीनदाबाईंना कोणी चिठ्ठीशिवाय बोलताना ऐकलंच नव्हतं.

ठरलं असं: मतदानाच्या दिवशी आत्याची ड्यूटी एकला संपते, मग जेवून दोघींनी तीन वाजता जुन्या शाळेत जायचं. पाचला दार बंद. काकू म्हणाल्या, "मी तुम्हाला हाताला धरून नेते, नाहीतर तुम्ही फलाटावरूनच परत याल."

मतदानाच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला माझ्या फोनवर एक रेकॉर्डिंग आलं. पाठोपाठ तेच आणखी दोन ग्रुपवरून. मी लावलं. मागे गाड्यांचा आवाज, एक मूल रडतंय, आणि भोंग्यातून: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. वॉर्ड क्रमांक सहाचे मतदान जुन्या शाळेऐवजी नदीपलीकडील व्यायामशाळेत होत आहे. शाळेतील पाण्याची टाकी फुटल्यामुळे हा बदल करण्यात आला आहे."

आईने ऐकलं आणि थेट माझ्याकडे वळली. "हे तुझे उद्योग."

"आई, मी नाही."

"आवाज ओळखत नाही का मी? रोज ऐकते. आजच्या दिवशी असली थट्टा? पोलीस येतील दारात."

मी शपथ घेतली, दुसरी घेतली. आईचा विश्वास बसेना, आणि खरं सांगायचं तर क्षणभर माझाही बसेना. आवाज हुबेहूब माझा होता, म्हणजे माझ्या नकलेचा.

दीड वाजता आत्या आली. चपला काढल्या, हात धुतले, ताटावर बसली. आई म्हणाली, "आधी हिचे प्रताप ऐका," आणि फोन तिच्या ताटाशेजारी ठेवला.

आत्याने घास घेतला होता. तो तसाच तोंडात राहिला. तिने रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं, मग पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिने घास गिळला.

"हा हिचा आवाज नव्हे," ती म्हणाली. "'लक्ष द्यावे'च्या आधी मी श्वास घेते. ही घेत नाही. तेच राहतं हिचं." मग फोनकडे बघत, अगदी हळू: "इथे घेतलाय."

आईच्या हातातला भाताचा चमचा तसाच वर राहिला.

"मी हे कधी म्हटलं?" आत्या म्हणाली. ती आम्हाला विचारत होती. मी आजवर माणसं घाबरलेली पाहिली होती, चिडलेली पाहिली होती. स्वतःचाच आवाज ऐकून इतकं परकं झालेलं माणूस पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावर पाय आपटत काकू आल्या. नवी साडी, घामाने भिजलेली, आणि एक चप्पल हातात, तिचा अंगठा तुटलेला. दारातच बसल्या.

"कमाल केलीत तीनदाबाई. साडेदहाला तुमचं ऐकलं आणि म्हटलं, लांब आहे, आपण पुढे जाऊन तुमची जागा धरावी. गच्च भरलेल्या गाडीतून गेले. तिथे व्यायामशाळेला कुलूप. वॉचमन म्हणतो, आत फक्त वजनं आहेत, उचलायची असतील तर उद्या या. शंभर माणसं असतील हो रस्त्यावर. एक जण म्हणे सरकवलं, एक म्हणे रद्द झालं, एक म्हणे उद्या आहे. परतीची गाडी तासाभराने. अर्धे तिथूनच कुठे कुठे पांगले."

"तुम्ही कोणाला विचारलं नाही?" आई म्हणाली.

"कशाला विचारू? ह्यांनी सांगितलं होतं." काकूंनी आत्याकडे बोट केलं. त्यात राग नव्हता. गाडी उशिरा आहे असं सांगावं तसं त्या सांगत होत्या. "फोनवर आलं असतं तर विचारलं असतं. फोनवर काय, काहीही येतं."

आत्या ताटावरून उठली. मी तिला ताट टाकून उठताना कधी पाहिलं नाही.

शाळा आमच्याकडून पाच मिनिटांवर. मी तिच्याबरोबर गेले. काकू आल्या नाहीत. "आता मी नाही जात. माझे पाय काही भाड्याचे नाहीत," म्हणाल्या. शाळेचं फाटक उघडं. टाकी शाबूत, नळाला पाणी. वर्गाबाहेर सात माणसांची रांग. फाटकावरचा पोलीस खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवत म्हणाला, "काय हो, तुमच्या वॉर्डाला मतदान नको झालं का? साडेदहापर्यंत फाटकाबाहेर रांग होती. मग नळ बंद केल्यासारखी माणसं आटली."

आत्या वळली आणि स्थानकाकडे चालू लागली. मी जवळजवळ पळत होते.

केबिनमध्ये दुपारच्या पाळीचा माणूस होता. आत्याने त्याला उठायला सांगितलं नाही, नुसती खिळ्यापाशी गेली आणि चिठ्ठ्या एकेक करून वर काढू लागली. सतरावी ती होती. गुलाबी कागद, गोल शिक्का, खाली कंट्रोलरसाहेबांची सही. खोटी नव्हती. मला वाटलं होतं कोणीतरी शिक्का चोरला असेल, एखादा बदमाश असेल. बदमाश कोणी नव्हता.

कंट्रोलरसाहेब प्रत्येक वाक्याला 'तांत्रिकदृष्ट्या' लावतात. जेवणाचा डबासुद्धा ते तांत्रिकदृष्ट्या उघडतात. आत्याने चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं, साहेब?"

"आलं होतं," साहेब म्हणाले आणि फोन पुढे केला. "हे बघा. मेव्हण्याने पाठवलं, सोसायटीच्या ग्रुपवर होतं, निवृत्तांच्या ग्रुपवर होतं. पाच ठिकाणांहून आलं. लोकांची गैरसोय होऊ नये म्हणून तांत्रिकदृष्ट्या मी शिक्का मारून दिलं."

"शाळेत विचारलंत?"

"पाच ठिकाणांहून आलं होतं, बाई."

"शाळा खिडकीतून दिसते."

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. शाळेचं छप्पर दिसत होतं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग हळूहळू उतरला. मी नक्कल करायला माणसांचे चेहरे बघते, तरी तेव्हा बघवेना. ते म्हणाले, "मग आता वरून लेखी आल्याशिवाय दुरुस्ती कशी देणार? माझ्याच चिठ्ठीविरुद्ध माझी चिठ्ठी? तांत्रिकदृष्ट्या मला कार्यालयाशी बोलावं लागेल." त्यांनी शिक्का खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं. हे त्यांनी रागाने केलं नाही. किल्ली खिशात टाकली आणि खिसा पुन्हा चाचपला.

शाईचा पॅड मात्र टेबलावरच राहिला.

आत्याने त्यांच्याच गठ्ठ्यातला एक गुलाबी कागद घेतला आणि उभ्याउभ्या लिहिलं. खाली आपलं पूर्ण नाव घातलं. मग उजव्या हाताचा अंगठा पॅडवर दाबला आणि शिक्क्याच्या जागी उमटवला, जांभळा, ठसठशीत.

"हे चालणार नाही," साहेब म्हणाले.

"आत्तापर्यंत चालत होतं ते तरी कुठे चालायला हवं होतं," आत्या म्हणाली, आणि बाहेर पडली.

पावणेतीन वाजले होते. दुपारच्या पाळीच्या माणसाने तिचा अंगठा पाहिला आणि खुर्ची सोडली. ती बसली. डोळे अर्धे मिटले नाहीत. काचेतून ती सरळ फलाटावरच्या माणसांकडे बघत होती.

"प्रवाशांनी कृपया," श्वास, "लक्ष द्यावे. आज सकाळी साडेदहा वाजता मी वाचलेली सूचना चुकीची होती. वॉर्ड सहाचं मतदान जुन्या शाळेतच चालू आहे. मी आत्ता स्वतः बघून आले आहे. मी खात्री न करता वाचलं. पाच वाजेपर्यंत वेळ आहे."

फलाटावरची माणसं भोंग्याकडे वळली. भोंग्यातून 'मी' हा शब्द त्या स्थानकात कोणी ऐकला नव्हता. मग गलका. एक जण म्हणाला, "सकाळी एक, आता एक, हिचं खरं कुठलं?" दुसरा म्हणाला, "बघून आले म्हणतेय ना, शाळा समोर आहे, तूही बघ." तो खरंच फलाटाच्या टोकाला जाऊन टाचा उंचावून बघून आला. एका कंडक्टरने केबिनची काच वाजवली, "बाई, मी नदीपलीकडे चाललोय, तिकडे ओरडून सांगतो." त्याच्यामागे आणखी दोघं आले. मी आत्याचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून, सकाळचं जिथून जिथून आलं होतं तिथे तिथे पाठवलं. दोन ग्रुपांवरून लगेच उत्तर आलं: ही नक्कल आहे, विश्वास ठेवू नका. मी फोन हातात धरून बघतच राहिले. सकाळच्या खोट्याला एकानेही असं म्हटलं नव्हतं.

दर दहा मिनिटांनी ती बोलत राहिली. पावणेपाचपर्यंत आवाज फाटला. मग मीच तिला उठवलं, "चल, तुझं राहिलंय."

शाळेच्या अंगणात आता माणसं होती. सत्तर-ऐंशी असतील, घामेजलेली, नदीपलीकडच्या गाडीतून उतरून आलेली. पायरीवर लाँड्रीवाल्या काकू चप्पल काढून बसल्या होत्या, डाव्या हाताच्या बोटाला काळी शाई. "भोंगा दुकानापर्यंत येतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही 'मी चुकले' म्हणालात, मग इस्त्री कशी करणार? जा आत, पाचला सात मिनिटं आहेत."

आत टेबलामागे एक तरुण शिक्षक बसला होता. त्याने आत्याचा हात पाहिला आणि लेखणी खाली ठेवली. "बाई, शाई आहे."

"ती शिक्क्याची आहे."

"कुठल्याही बोटाला शाई दिसली तर थांबवा, असं आम्हाला लिहून दिलंय." त्याने टेबलावरचा कागद उचलून वाचून दाखवला. शब्दन् शब्द, वर न बघता.

दोन तास भोंग्यावर घसा फोडून लोकांना मतदानाला आणणारी बाई, आणि तिलाच दारातून परत. आत्या मात्र त्या मुलाकडे बघत होती, जवळजवळ मायेने.

"वाचलंत ना," ती म्हणाली, घोगऱ्या आवाजात. "आता बघा."

मागच्या रांगेतून आवाज उठला, "अहो मास्तर, तीनदाबाई आहेत, आत्तापर्यंत माईकवर होत्या." आणि काकू चपला न घालताच आत घुसल्या. "सरका. शाई मला शिकवू नका. तीस वर्षं डाग काढतेय." त्यांनी रुमाल बाटलीतल्या पाण्यात भिजवला, आधी स्वतःचं बोट कसून घासलं. रुमाल पांढराच. मग आत्याचा अंगठा घासला. रुमाल जांभळा झाला. तो त्यांनी शिक्षकाच्या टेबलावर पसरला. "ही शिक्क्याची, ही तुमची. आणखी काय पाहिजे?"

शिक्षकाने रुमाल पाहिला, कागद पाहिला, घड्याळ पाहिलं. मग कागद उलटा ठेवला. "नाव सांगा, बाई."

आत्याने नाव सांगितलं. तीनदा.

बाहेर आली तेव्हा मी तिला विचारलं नाही कोणाला दिलं. तिचं बोट काळं होतं आणि अंगठा फिकट जांभळा, आणि ती दोन्ही हात जरा लांब धरून चालत होती, भिजल्यासारखे. फाटकाशी आमच्या वॉर्डाचे पाणी सोडणारे काका भेटले. त्यांचं बोट कोरं होतं. सकाळी नदीपलीकडे गेले, कुलूप बघून तिकडेच मुलीकडे जेवायला थांबले, आणि आत्ता, पाच वाजून गेल्यावर, त्यांना कळलं.

"जाऊ द्या हो," ते हसून म्हणाले. "पुढच्या वेळी."

आत्या उभी राहिली. सगळ्या दिवसात रडली नव्हती. "पुढची वेळ चार वर्षांनी आहे," ती म्हणाली, आणि काकांना नमस्कार करायला हात जोडायला गेली, पण हात नीट जुळेनात.

पंधरा दिवसांनी तिला माईकवरून हलवलं. साहेबांना समज देऊन सोडलं, आत्याला हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलं. छत्र्या, डबे, एकट्या चपला. पुकारायला आता यंत्र आहे, शहरातून रेकॉर्ड करून आणलेला गोड आवाज. तीनदा बोलतो, श्वास कधीच घेत नाही. मी त्याची नक्कल पहिल्या दिवशी बसवली, इतकी सोपी.

काल डबा द्यायला गेले तर तिच्या खिडकीसमोर रांग. मला वाटलं, एवढ्या वस्तू हरवल्या की काय. तर पहिलाच माणूस म्हणत होता, "तीनदाबाई, ती वरची म्हणतेय साडेचारची रद्द. खरंय का?"

आत्याने हातातली छत्री बाजूला ठेवली.

"मला माहीत नाही," ती म्हणाली, एकदाच. "थांबा, बघून येते."